पुण्यातली मेथी रत्नागिरीत का बसली?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात गच्चीवर सहा-सात वर्षं मेथी, कोथिंबीर, टोमॅटो हमखास घेणाऱ्या एक बाई मिस्टरांच्या बदलीमुळे रत्नागिरीला आल्या. निघताना नेहमीच्या दुकानातून बियांची पाकिटं घेतली. काही स्वतःला ठेवली, काही नागपूरच्या नणंदेला दिली, काही न्यू जर्सीतल्या लेकीबरोबर गेली. रत्नागिरीत जूनअखेर पेरलेली मेथी उगवून तिसऱ्या-चौथ्या दिवशी आडवी झाली, आणि असं दोनदा झालं. नणंदेच्या टोमॅटोला एप्रिल-मेमध्ये भरपूर फुलं आली आणि सगळी गळली. लेकीचा वालाचा वेल जुलै उजाडायच्या आत कुंपण ओलांडून गेलाय, पण शेंग एक नाही. "बियाणंच खराब निघालं का?" असं त्या विचारतात.

बियाण्यावर आळ घेऊ नका. तिन्ही गावांत ते उगवलं, म्हणजे त्याच्या वाटणीचं काम त्यानं केलं. पुढचं बिघडलं ते आपल्या हातून, आणि तेही प्रत्येकीच्या हातून वेगळ्या कारणानं.

खरं सांगू का, पुण्यात बागकाम शिकलेला माणूस थोडा लाडावलेला असतो. मीही तशीच होते. पुण्यात वर्षाचा पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटर, उन्हाळा कडक असला तरी रात्री वारा सुटतो, थंडी बोचरी पण रोपं मारणारी नाही. तिथं जून सोडा, कधीही काहीही पेरा, निम्मं तरी हाताला लागतं. मग आपल्याला वाटायला लागतं की आपला हात चांगला आहे. नवऱ्याच्या बदल्यांपायी मी दापोलीला चार आणि नागपूरला पाच वर्षं काढली, पुढे मुलाकडे न्यू जर्सीत तीन उन्हाळे काढले, तेव्हा हा हात कुठं गेला ते कळलं. आता पुण्यात परत येऊन छोटी रोपवाटिका चालवते, आणि नवशिक्यांना पहिली गोष्ट हीच विचारते, की तुमच्या गावाची सुट्टी कधी असते?

पुण्यातली दुकानं जशी दुपारी बंद, तशी प्रत्येक गाव भाजीला वर्षातले काही महिने बंद असतं. रत्नागिरी साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत बंद. नागपूर एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत बंद. न्यू जर्सी नोव्हेंबर ते एप्रिल तर कुलूपच लावून बसते. त्या काळात मेथी-टोमॅटोचा हट्ट धरला की दार वाजवत उभं राहायचं. दुकान बंद असलं तरी मागच्या दारानं काही मिळतं, त्याबद्दल पुढं सांगते.

आधी तुमची मेथी. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, दोन पानांवर येते आणि एका सकाळी सगळी झोपलेली दिसते, बरोबर? एक रोप हलकेच उपटून डोळ्यांजवळ धरा. पानं हिरवीगार, मूळ पांढरं, पण मातीला टेकणारा भाग धाग्यासारखा बारीक आणि पाणचट तपकिरी झालेला असेल. ही मातीतली बुरशी. आपल्याकडे याला 'मर' म्हणतात, रोपं मानेतून कोलमडतात. ही बुरशी पुण्याच्या मातीतही असते. पण ओल, ढगाळ हवा आणि साचलेला दमटपणा असं तिला सलग आठ-दहा दिवस मिळावं लागतं, आणि रत्नागिरीचा जुलै तिला ते फुकट देतो. एकट्या जुलैत तिथं पडणारा पाऊस पुण्याच्या वर्षभराच्या पावसाला मागे टाकतो.

हा आकडा नुसता ऐकून अंगावर येत नाही, म्हणून कुंडीत मोजून दाखवते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. बारा इंची कुंडीचं तोंड चौरस मीटरच्या साधारण चौदाव्या भागाएवढं असतं. हजार मिलिमीटर पाऊस पडला तर त्या एका कुंडीतून सत्तरेक लिटर पाणी जातं. कुंडीत माती मावते पंधरा-वीस लिटर. म्हणजे महिन्याभरात ती माती तिच्या तिप्पट-चौपट पाण्यानं धुऊन निघाली. त्यात तुम्ही घातलेल्या खताचं सत्त्व उरेल कुठून? नत्र सगळ्यात आधी वाहून जातं. म्हणून कोकणात पावसाळ्यात रोपं पिवळी पडली की लोक 'पाणी जास्त झालं' म्हणतात ते अर्धंच खरं. रोप उपाशीही असतं.

दापोलीत पहिल्या जुलैत माझ्या बावीस कुंड्यांपैकी एकोणीस गेल्या. शेजारच्या आजी पडवीत बसून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "पावसात मेथी कशाला पेरतेस? त्यापेक्षा मागं जाऊन टाकळा खूड." मला तेव्हा राग आला होता. पण बाई बरोबर बोलत होत्या. कोकणात जुलैत भाजी पिकवण्यापेक्षा खुडायला जास्त मिळते. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी हे सगळं बांधावर आपोआप येतं आणि त्याला मर लागत नाही, कारण ते त्या पावसासाठीच घडलेलं आहे. मात्र ओळख असलेल्या माणसाबरोबरच खुडा. सगळी हिरवी पानं खायची नसतात.

तरीही मेथी हवीच असेल तर मागच्या दारानं घ्या. मुंबईत आणि किनाऱ्यावर मिळणारी समुद्रमेथी तुम्ही पाहिली असेल, वाळूसकट मिळते ती बोटभर उंचीची जुडी. ती वाळूत वाढवतात, आणि त्यातच तिची युक्ती आहे. वाळूत पाणी थांबत नाही, कुजण्याजोगं काही नसतं, आणि बुरशीला जम बसवायला वेळ मिळायच्या आत, बारा-चौदा दिवसांत ती उपटून भाजी करून खाल्लेली असते. तुम्ही एक उथळ ट्रे घ्या, तळाला भोकं पाडा, दोन-तीन इंच धुतलेली नदीची वाळू भरा. समुद्राची आणू नका, खारट असते. स्वयंपाकघरातल्या डब्यातली मेथी रात्रभर भिजवा, वाळूवर दाट पसरा, वर बोटाच्या पेराएवढा वाळूचा थर द्या. ट्रे पडवीत ठेवा, पागोळ्यांच्या आतल्या बाजूला, जिथं उजेड येतो पण थेंब येत नाही. पाणी सकाळी एकदाच. संध्याकाळी घातलेलं पाणी रात्रभर पानांवर राहतं आणि तेच नडतं. दर आठवड्याला एक ट्रे पेरलात तर सप्टेंबरपर्यंत मेथी तुटणार नाही.

कोथिंबिरीला मात्र थांबा. तिला दसऱ्याच्या आसपास पेरा, हस्ताचा पाऊस ओसरला की. तेव्हा तिची एक गोष्ट लक्षात ठेवा. धणा हा एक दाणा दिसला तरी आत दोन बिया असतात. अख्खा पेरला तर कधी उगवतो, कधी नाही. मी गोणपाटावर धणे पसरते आणि जुन्या सपाट चपलेनं हलकेच रगडते. 'कट्' असा आवाज येतो आणि दाण्याची दोन भकलं होतात. जोर लावला तर भुगा होतो, मग तो आमटीत. ती भकलं रात्रभर भिजवून, सकाळी निथळून सावलीत कोरडी करते आणि अर्ध्या इंचावर पेरते. आठ ते बारा दिवस काही दिसत नाही, आणि निम्मी माणसं नेमकी याच काळात धीर सोडून माती उकरतात.

आता मातीचं बोला. रत्नागिरीची तांबडी माती जांभ्यापासून झालेली. शतकानुशतकांच्या पावसानं तिच्यातला चुना धुऊन नेला, म्हणून ती आंबट, म्हणजे आम्लधर्मी. दापोलीच्या त्याच आजींनी मला चुलीतली राख द्यायला शिकवलं. वाफ्याच्या पावलाभर जागेला मूठभर, पेरणीच्या पंधरा दिवस आधी. राखेत चुना आणि पालाश असतो, ती आंबटपणा मारते. त्या वर्षीची वांगी आणि लाल माठ बघून मी राखेची भक्तच झाले. आणि पुढं बदली नागपूरला.

नागपुरात भारदस्त गृहिणीसारखी मी पहिल्याच आठवड्यात ओळखीच्या ढाब्यावरून लाकडाची राख पोतंभर आणली आणि सगळ्या कुंड्यांना वाटली. महिन्याभरात मिरचीची आणि कढीपत्त्याची नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मी आणखी राख घातली. पानं पांढरट व्हायला लागली. शेवटी शेजारच्या एका संत्रा बागायतदार काकांनी माती हातात घेतली आणि म्हणाले, "वहिनी, ही काळी माती आधीच चुनखडीची. तुम्ही तिला चुना चारता?" काळी माती अल्कधर्मी, वर बोअरचं जड पाणी, आणि त्यावर माझी राख. अशा मातीत लोह असतं, पण कुलूपबंद. मुळांना ते उचलता येत नाही, आणि लोहावाचून नव्या पानांत हिरवेपणा धरत नाही. राख बंद केली, दोन ग्रॅम हिराकस (लोहाचं सल्फेट) लिटरभर पाण्यात घालून संध्याकाळी दोनदा पानांवर फवारलं, कढीपत्त्याला आठवड्याला आंबट ताक दहापट पाण्यात मिसळून दिलं. नवी पानं हिरवी यायला तीन आठवडे लागले. जुनी पिवळी पानं शेवटपर्यंत पिवळीच राहिली, ती सुधारत नाहीत.

म्हणून 'कुंडीला राख घाला', 'अंड्याची टरफलं घाला' असं कुणी सरसकट सांगितलं की मी आधी गाव विचारते. तुम्ही रत्नागिरीत राख जरूर वापरा. नणंदेला मात्र पाठवू नका.

नणंदेचे टोमॅटो. नागपूरच्या मेमध्ये पारा ४५ च्या पुढं जातो हे सगळे बोलतात, पण टोमॅटोला जास्त नडते ती रात्र. दिवस ३५ च्या वर आणि रात्रही २४ च्या खाली यायला तयार नाही, असं झालं की फुलातला पराग निकामी होतो. फूल दोन दिवस टिकतं आणि देठाच्या सांध्यातून निखळून पडतं. त्या बघत असतील तर दिसेल, फूल वाळून गळत नाही, ताजंच पडतं. खत वाढवून ते थांबत नाही. उलट नत्र वाढवलं की झाड पानांनी फोफावतं आणि फुलं आणखी गळतात. जी चार-दोन फळं धरलीच ती पिवळट नारिंगी राहतात, कारण तिशीच्या वरच्या उष्णतेत लाल रंग नीट तयार होत नाही.

तिथला टोमॅटोचा हंगाम वेगळा आहे. ऑगस्टच्या मध्यावर बी ट्रेमध्ये टाकायचं, सप्टेंबरच्या मध्याला रोपं कुंडीत. नोव्हेंबरपासून रात्र १२-१५ अंशांवर येते आणि मग झाड जे सुटतं ते फेब्रुवारीपर्यंत. नागपूरची हिवाळी भाजी पुण्याच्या तोडीची किंवा सरस असते, हे माझं मत पुण्यात कुणाला पटत नाही. सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, तिथं सप्टेंबर ते फेब्रुवारी उघड्यावर येते. मी नवी असताना भाजीवाल्यानं "सांबार देऊ का?" विचारलं आणि मी "नको, इडली नाही केली" म्हणाले होते. असो.

उन्हाळ्यात नागपुरात काय? गवार, चवळी, भेंडी, ढेमसं, आणि सावलीत पुदिना. भेंडी घ्यायची तर केवड्याला दाद न देणारा वाण घ्या. परभणी क्रांतीसारखे वाण त्यासाठीच काढले आहेत. नाहीतर पांढरी माशी तो रोग पसरवते आणि पानं जाळीदार पिवळी होतात. पण लावण्यापेक्षा जगवणं कठीण. दोन गोष्टी मी चुकून शिकले. एक, काळ्या ग्रोबॅग स्लॅबवर थेट ठेवू नयेत. पिशवीच्या कडेला टेकलेली मुळं अक्षरशः शिजतात, आणि झाडाची तरतरीत मुळं कडेलाच असतात. खाली विटा किंवा लाकडी फळ्या द्या, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. दुसरी, हिरवी जाळी, ५० टक्के सावलीची, झाडांना चिकटवून नाही तर हातभर वर आणि पश्चिमेच्या बाजूला खाली आणून. पश्चिमेचं तीननंतरचं ऊन मारतं, सकाळचं नाही.

पाण्याचं एक. मेमध्ये दुपारी दोनला भोपळ्याची, वांग्याची पानं माना टाकतात. लगेच पाण्याचा पाइप घेऊन धावू नका. संध्याकाळी सात वाजता परत बघा. पानं उभी राहिली असतील तर पाणी पुरेसं होतं, झाड फक्त उन्हातून स्वतःला वाचवत होतं. सकाळी सहालाही ती लोळलेली असतील तर खरी तहान. दुपारच्या तापल्या मातीत पाणी ओतून मी दोन वांगी मारली आहेत. त्याऐवजी मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात बिनझिलईचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरून वर झाकण ठेवा. पाणी मडक्याच्या अंगातून झिरपतं, मुळं त्याला येऊन बिलगतात. दोन लिटरचं मडकं मोठ्या कुंडीला दोन दिवस सहज पुरतं. बाहेरगावी जायचं असलं की याला पर्याय नाही.

आणि मिरची. मिरचीवर बोकड्या आला, म्हणजे पानं वळून आक्रसली, की तो नागपूर असो वा नाशिक, आधी पान उलटं करून बघा. खाली बारीक किडे असतील तर निंबोळी तेलानं भागतं. काही नसेल आणि नवी पानं गोळा होऊन वाढ थांबली असेल तर विषाणू. ते झाड काढून टाका, कितीही जीव अडकला असला तरी.

आता न्यू जर्सी. इथला खेळ उष्णतेचा कमी आणि उजेडाचा जास्त आहे. आपल्याकडे वाल, वालपापडी जूनमध्ये लावली तरी फुलं दिवाळीच्या सुमाराला येतात, हे तुम्ही पाहिलं असेल. आपण म्हणतो 'थंडीची भाजी आहे'. खरं कारण थंडी नाही. जुने वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाहीत. रत्नागिरीत जूनचा सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आत असतो. न्यू जर्सीत तो पंधरा तासांचा. तुमच्या लेकीच्या वेलाला जुलैत वाटतंय की अजून पावसाळाही सुरू झाला नाही! तो नुसता पानं काढत बसणार, सप्टेंबरच्या मध्यानंतर त्याला फुलं सुचणार, आणि ऑक्टोबरात पहिलं गोठवणारं दव पडलं की तो एका रात्रीत काळा. मुलाकडे पहिल्या वर्षी माझं हेच झालं. वेल गॅरेजवर चढला होता, शेजारी फोटो काढून जायचे.

अंबाडीचंही तेच. पानांसाठी लावा, बोंडांची वाट बघू नका. कांद्याचं याच्या नेमकं उलट होतं. आपले कांदे बारा तासांच्या दिवसात गड्डा धरणारे. तिकडे वसंतात लावले तर दिवस आधीच मोठा, म्हणून पात वाढायच्या आत ते गोटीएवढा गड्डा धरून मोकळे होतात. तिथल्या दुकानात मोठ्या दिवसाचे म्हणून वेगळे वाण मिळतात, तेच घ्यावेत. पालकाचा घोळ आणखी मजेशीर. तिकडचा 'स्पिनच' आणि आपला पालक ही नात्यातली पण वेगळी झाडं. आपला पालक बिटाच्या कुळीचा. म्हणूनच त्याच्या खडबडीत एका बीमधून दोन-तीन रोपं निघतात. तिकडचा जूनमध्ये तुऱ्यावर जातो, आपला उन्हाळाभर पानं देतो. लेकीला तो देशी पालक मिळाला तर वाल विसरेल.

तिला या आठवड्यात सांगा, वेल काढून टाकायचा धीर होत नसेल तर राहू दे, पण त्याच्या शेजारी श्रावण घेवडा पेर. तो दिवसाची लांबी बघत नाही, पन्नास-साठ दिवसांत शेंगा देतो, म्हणजे सप्टेंबरात हाताशी. कोथिंबीर जूनमध्ये पेरून तुऱ्यावर गेली असेल, तर ती आता नाही, ऑगस्टच्या मध्याला पुन्हा पेरायची. कोथिंबीर आणि मेथी दोन्ही हलकं गोठवणारं दव सोसतात. मुलाकडे मी ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत खुडत होते, बाहेर स्वेटर घालून. भेंडी आणि मिरची मात्र पुढच्या वर्षी घाईनं लावू नको म्हणावं. तिकडे मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मातृदिन असतो, त्यानंतरच टोमॅटो-मिरची बाहेर काढायची असा तिथला रिवाज आहे. भेंडी त्याहूनही दोन आठवडे उशिरा, माती हाताला कोमट लागली की.

बियांबद्दल एक बोलायला हवं. अमेरिकेत भारतातून बिया नेताना त्यांचा रोगमुक्तीचा दाखला किंवा परवाना लागतो, आणि विमानतळावर जाहीर कराव्या लागतात. पर्समधून नेलेल्या पुड्या हा शिरस्ता असला तरी नियमात बसत नाही. कढीपत्त्याचं तर अधिकच कडक आहे. लिंबूवर्गीय झाडांना मारणाऱ्या रोगाचा किडा कढीपत्त्यावर जगतो, म्हणून रोप एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायलाही बंधनं आहेत. तिनं रोप तिथल्याच जवळच्या नर्सरीतून घ्यावं, कुंडीत ठेवावं, आणि रात्रीचा पारा १० अंशांकडे यायला लागला की घरात घ्यावं. थंडीत ते पानं गाळतं. घाबरून पाणी वाढवलं की मूळ कुजतं. पंधरा दिवसांतून कपभर पाणी पुरे. मार्चमध्ये कोंब फुटतात.

मुंबईतल्या फ्लॅटवाल्यांकडूनही हाच प्रश्न मला वरचेवर येतो, म्हणून एवढंच, की खिडकीत थेट ऊन चार तासांपेक्षा कमी असेल तर फळभाजीचा विचार सोडा. पानओवा, गवती चहा, पुदिना, आलं यांवर समाधान माना. टोमॅटोला सहा तास लागतात, आणि समोरच्या इमारतीवरून परावर्तित होऊन येतं ते ऊन नव्हे. रोझमेरी, थाइम अशी भूमध्य समुद्राकडची झाडं पुण्या-नाशकात छान होतात. कोकणात आणि मुंबईत जुलैत छपराखाली नसतील तर जगत नाहीत.

पुन्हा तुमच्याकडे येते, कारण रत्नागिरीची सुट्टी चालू असली तरी तुमच्या हाताला काम आहे. वेलींचा हंगाम या वर्षी हुकला. पडवळ, दोडका, कारली, काकडी यांच्या बिया मेच्या शेवटी आळ्यात टाकायच्या असतात, म्हणजे मोठा पाऊस सुरू व्हायच्या आत वेल मांडवावर चढलेला असतो. मांडव का, तर मुळं मातीत असली तरी पानं आणि फळं हवेत लटकतात, वारा लागतो, चिखल उडत नाही. पुढच्या वर्षी आळ्याच्या तळाला नारळाची सोडणं घाला, त्यावर शेणखत आणि माती, आणि आळं जमिनीच्या वर वीतभर उंचवटा करून. खोलगट आळं पुण्यात पाणी धरायला बरं. रत्नागिरीत त्याचं डबकं होतं. कारल्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कोकण तारा वाण मला तरी तिथं सगळ्यात भरवशाचा वाटला. फळमाशीसाठी मांडवात एक कामगंध सापळा (वासानं नर माश्यांना ओढणारा) टांगा, शेंगदाण्याएवढं फळ धरलं की कागदी पिशवीत बांधा.

आत्ता, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, रिकाम्या कुंड्या पालथ्या घालून ठेवा किंवा वर नारळाच्या झावळ्या टाका, म्हणजे उरलेली माती धुऊन जाणार नाही. ज्यात झाडं आहेत त्यांना महिन्यातून एकदा मोठा खतघास देण्याऐवजी दर दहा दिवसांनी मूठभर गांडूळखत. अळू लावा, कुठल्याही शेजारणीकडून कंद मिळेल, आणि त्याला हा पाऊस कमीच पडतो. ऑगस्टच्या शेवटी पडवीत ट्रेमध्ये वांगी आणि मिरचीचं बी टाका, मिश्रणात चमचाभर ट्रायकोडर्मा (मर रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून. गणपती गेले की रोपं बाहेर. लाल माठ, ज्याला गोव्यात तांबडी भाजी म्हणतात, तो ऑक्टोबरात राख घातलेल्या वाफ्यात पेरा. पंचवीस-तीस दिवसांत पहिली जुडी. मुळा त्याच्याबरोबरच. कडवे वाल नोव्हेंबरात, भाताच्या खाचरातल्या ओलीवर जसे लावतात तसे. त्यांना नंतर पाणीही फारसं लागत नाही आणि फुलायला दिवस योग्य तेवढा लहान असतो.

आणि ती मेथीची उरलेली पाकिटं फेकू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी टाकून ठेवा. कोकणातली दमट हवा बियांचा जीव चार महिन्यांत घेते, तांदूळ ओल ओढून धरतात. दसऱ्याला पेरण्याआधी त्यातल्या वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून बघा. तीन दिवसांत चौदा-पंधरा फुटल्या तर सरळ वाफ्यात टाका, दहाच्या खाली असतील तर त्या समुद्रमेथीच्या ट्रेमध्ये दाट टाकून संपवा.